शहराचें चित्र : रेषा आधीं कीं रंग आधीं ?

रविवारीं सकाळीं पुण्यांतील विश्रामबागवाड्यासमोरून जाण्याचा योग आला, तर एक गोष्ट आपल्या दृष्टीस पडण्याचा बराच संभव आहे. रस्त्याच्या पलीकडील कडेला दोन-चार तरुण मुलें-मुली घडीच्या स्टुलांवर बसलेलीं असतात. मांडीवर चित्रांची वही, हातांत कुंचला किंवा पेन, पायाशीं पाण्याची लहान बाटली. येणारेजाणारे क्षणभर थांबतात, मान लांब करून वहींत डोकावतात आणि ‘छान’ म्हणून पुढें जातात. आम्हीहि असेच डोकावणाऱ्यांपैकीं एक होतों. फरक इतकाच कीं, आम्ही सेवानिवृत्त शिक्षक. दुसऱ्याच्या वहींत डोकावण्याची संवय जुनी, आणि डोकावल्यावर शंका विचारल्यावांचून पुढें जाणें अशक्य.

एकदां आम्हांस असें दिसलें कीं, शेजारीं शेजारीं बसलेल्या दोघांपैकीं मुलीनें अगोदर शाईनें वाड्याचा सबंध सज्जा रेखाटला होता व मग ती त्यांत रंग भरीत होती. तिच्या शेजारच्या मुलानें मात्र अगोदर रंगाचे नुसते ओले डाग टाकले होते, आणि ते वाळल्यावर तो त्यांतून शाईच्या रेषेनें खांब व महिरपी शोधून काढीत होता. वाडा एकच, ऊन एकच, वेळहि एकच. क्रम मात्र अगदीं उलट! आम्हीं विचारलें, “ह्यांत बरोबर कोण?” दोघेंहि हंसलीं, आणि मुलगी म्हणाली, “आजोबा, दोघंहि बरोबर. पण चित्रं वेगळीं होतात.”

ह्या उत्तरानें आमचें समाधान झालें नाहीं. ज्या प्रश्नाचीं दोन उत्तरें बरोबर, तो प्रश्न परीक्षेंत घालूं नये, हा आमचा जन्माचा नियम. म्हणून आम्हीं स्वतःच वही, पेन व रंगांची डबी आणली आणि गेलीं पांच वर्षें ह्या प्रश्नाच्या मागें लागलों. आमचीं चित्रें कोणास दाखवावीं अशा योग्यतेचीं नाहींत. परंतु त्या खटपटींत जें हातीं लागलें तें सांगण्यासारखें आहे असें वाटल्यावरून हा लेख लिहिण्याचें धाडस करीत आहों.

प्रथम हें पाहूं कीं, शहराच्या चित्रासच रेषेची एवढी गरज कां भासावी. सह्याद्रीचा डोंगर नुसत्या रंगानें उभा करतां येतो. दूरचा डोंगर फिकट निळा, जवळचा हिरवट-तांबूस, मध्यें धुक्याची पट्टी कोरी सोडली कीं डोंगर झाला. त्याची कड थोडी इकडेतिकडे सरकली तरी डोंगर तक्रार करीत नाहीं. घर मात्र तक्रार करतें. खिडकी बोटभर सरकली कीं ती शेजाऱ्याच्या भिंतींत शिरते; खांब कलला कीं माडी आतां पडणार असें वाटतें. शहर हें माणसानें मोजूनमापून उभारलेलें असतें, आणि मोजमाप सांगणें हें रेषेचें काम होय. उलटपक्षीं, नुसत्या रेषेनें काढलेलें शहर म्हणजे ओव्हरसियरचा नकाशा! त्यांत सकाळ आहे कीं संध्याकाळ हें कळत नाहीं. पाऊस पडून गेला आहे कीं वैशाखाचें ऊन तापलें आहे हें समजत नाहीं. ती वार्ता रंगाकडून यावयाची. सारांश, घर कसें बांधलें आहे हें रेषा सांगते, आणि त्या घरावर दिवस कसा उगवला आहे हें रंग सांगतो.

येथपर्यंत मतभेद नाहीं. अडचण येते ती दोघांस एका कागदावर बोलावल्यानंतर. संस्कृत साहित्यशास्त्रांत पुनरुक्ति हा दोष मानिला आहे. विद्यार्थ्याच्या निबंधांत ‘प्रभातकाळच्या सकाळीं’ असें आलें म्हणजे आम्ही त्याखालीं लाल रेघ ओढीत असूं. चित्रांत हाच दोष फार सहज घडतो. भिंतीची कड रेषेनें दाखविली. नंतर रंगहि नेमका त्याच कडेपर्यंत कांठोकांठ भरला. मग कड नीट उठत नाहीं असें वाटून पुन्हां एक जाड रेषा ओढली. एकच गोष्ट तीनदां सांगितली! असें चित्र लहान मुलांसाठीं छापलेल्या रंगवावयाच्या पुस्तकासारखें दिसतें. म्हणून रेषा आधीं कीं रंग आधीं, ह्या प्रश्नाच्या पोटांत खरा प्रश्न निराळाच आहे : जें एकानें सांगितलें तें दुसऱ्यानें पुन्हां न सांगतां गप्प कसें बसावें?

आमचा स्वतःचा ओढा प्रथमपासून रेषेकडे. विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्र हा आपल्याकडील चित्रकलेवरचा प्राचीन ग्रंथभाग. रेषेची थोरवी आचार्य ओळखतात आणि सामान्य जन रंगांच्या श्रीमंतीवर भाळतात, अशा आशयाचें मत त्यांत आढळतें. तें वाचल्यावर आचार्यांच्या पंक्तीस बसण्याची हौस कोणास होणार नाहीं? आम्हीं तत्काळ रेषेचा पक्ष घेतला. तो पक्ष पुढें कसा डळमळला तें सांगण्यापूर्वीं, थोरांनीं हा प्रश्न कसा हाताळला हें पाहणें इष्ट होईल.

रेषा व पातळ जलरंग ह्यांच्या संयोगानें काढलेल्या शहराच्या चित्रांची गोष्ट निघाली म्हणजे इटलींतील व्हेनिसचें नांव टाळतां येत नाहीं. तेथील कॅनालेत्तो हा चित्रकार इ. स. १६९७ ते १७६८ ह्या काळांत होऊन गेला. पेन्सिलीनें व पट्टीनें बारीक रेघा आंखून घ्यावयाच्या, त्यांवर तपकिरी शाईच्या लेखणीनें कालवे, पूल, घंटाघरें काढावयाचीं, आणि मग सावलीच्या जागीं करड्या रंगाचा पातळ हात फिरवावयाचा, ही त्याची एक रीत. उन्हांतली भिंत म्हणजे कोरा कागद! पट्टीनें आंखलेल्या रेघेवरून जात असतांहि त्याच्या लेखणीची रेषा ताठ राहत नाहीं. ती थरथरते, तुटते, पुन्हां सुरू होते, आणि त्यामुळें दगडास जीव येतो. त्याच्या अशा चित्रांचा मोठा संग्रह व्हेनिसमधील इंग्रज कॉन्सल जोसेफ स्मिथ ह्याच्यापाशीं होता. तो इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज ह्यानें १७६२ सालीं विकत घेतला, व आजहि तो तेथील राजसंग्रहांत आहे.

त्याच शहरीं इंग्रज चित्रकार टर्नर हा १८१९, १८३३ व १८४० असा तीन वेळां गेला. शेवटच्या खेपेच्या त्याच्या कित्येक जलरंगचित्रांत क्रम बरोबर उलटा दिसतो. आधीं आकाश, पाणी आणि इमारती ह्यांचे धुक्यासारखे विरघळते रंग. आणि मग तांबड्या किंवा तपकिरी रंगांत बुडविलेल्या लेखणीच्या घाईच्या, बारीक रेषांनीं खिडक्या, शिखरें व नावा. ज्या इमारतीवर रेषा नाहीं ती दूर जाते, रेषा आली कीं जवळ येते. कॅनालेत्तोच्या चित्रांत रेषेनें घर बांधलें आणि रंगानें त्यावर ऊन पाडलें. टर्नरनें आधीं ऊन पाडून घेतलें आणि मग त्या उन्हांत घर शोधलें.

तिसरें नांव जॉन रस्किन ह्या पंडिताचें. त्याची हकीकत आम्हांस सर्वांत अधिक लागली. १८४५ सालीं तो व्हेनिस येथें असतां छायाचित्रणाची डॅगेरोटाइप ही पद्धति नुकतीच निघाली होती. रस्किननें तेथील वाड्यांचीं असलीं छायाचित्रें विकत घेतलीं व त्यांवर तो खूषहि झाला. जुन्या इमारतींची दुरुस्तीच्या नांवाखालीं चाललेली मोडतोड पाहून त्याचा जीव तळमळत होता. छायाचित्रें हातीं आलीं असतांहि त्यानें रेखाटणें सोडलें नाहीं. एकेक कमान, एकेक खांबाचा माथा त्यानें पेन्सिलीनें, शाईनें व पातळ रंगानें टिपून ठेविला. आणि १८५१ ते १८५३ ह्या वर्षांत प्रसिद्ध झालेल्या ‘स्टोन्स ऑफ व्हेनिस’ ह्या त्याच्या तीन खंडांच्या ग्रंथामागें अशा टिपणांचें बळ आहे.

व्हेनिस फार दूर पडलें असें कोणी म्हणेल, तर त्यांस पुण्याचेंच उदाहरण देतों. सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट येथें होता. त्याच्या पाठिंब्यानें जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला व शनिवारवाड्यांत चित्रकलेची एक शाळा सुरू झाली. गंगाराम चिंतामण तांबट हा त्या मंडळींतला आपला पुणेरी चित्रकार. वेरूळच्या लेण्यांचीं त्यानें काढलेलीं चित्रें, तसेंच इ. स. १७९५ च्या सुमाराचें, दक्षिणासमारंभाच्या वेळच्या पर्वतीचें चित्र, आज अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयांत आहेत. पेशवाईंत विद्वानांस वांटली जाणारी ती दक्षिणा. आणि त्याच दक्षिणेच्या निधींतून पुढें १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. आमच्यासारख्या संस्कृताच्या विद्यार्थ्यास त्या एका चित्राचें मोल किती वाटत असेल ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. तो समारंभ गेला, तो काळ गेला. तांबटांनीं तें दृश्य कागदावर उतरवून ठेविलें म्हणून आज आपण तें पाहूं शकतों.

आतां आमची फजिती. तीन वर्षांपूर्वीं सदाशिव पेठेंतील आमच्या मामांचा वाडा पाडावयाचा ठरला. वाडा दुमजली, खालीं दगडी जोतें, वर विटांची भिंत, रस्त्याच्या बाजूस लांकडी सज्जा व कौलारू छप्पर. भाऊबंदांचीं संमतिपत्रें झालीं, बांधकाम करणाऱ्यांशीं करार झाला, आणि सोमवारपासून लांकूडकाम उतरविण्यास माणसें येणार असें कळलें. मामा निवर्तून बरींच वर्षें झालेलीं. चौऱ्यायशीं वर्षांच्या मामी तेवढ्या तेथें राहत होत्या. आमच्या मनांत आलें कीं, वाड्याचें एक चित्र काढून मामींस द्यावें. आमच्या चिरंजीवांनीं आपल्या फोनवर वाड्याचीं साठ छायाचित्रें काढून ठेविलीं होतीं. “बाबा, आतां चित्राची काय गरज?” असें त्यांनीं विचारलेंहि. त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. नातीस बरोबर घेऊन आम्ही तसेच निघालों. नात तेव्हां नववींत. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा उत्तीर्ण, म्हणजे ह्या विषयांत आमच्याहून अधिकारी.

शनिवारीं सकाळीं समोरच्या घराच्या ओट्यावर आम्हीं दोघांनीं बैठक मांडली. आपल्या तत्त्वास अनुसरून आम्हीं रेषा आधीं घेतली. ज्या फाउंटन पेननें तीस वर्षें शाळेचीं हजेरीपत्रकें भरलीं, तेंच हातीं धरलें. प्रत्येक खिडकीचे गज मोजले : नऊ. सज्ज्याचे खांब मोजले : सहा. दिंडी दरवाज्यावरचे खिळेहि मोजून घेतले. अडीच तासांत कागदावर वाडा असा उभा राहिला कीं, महानगरपालिकेनें त्यावर घरपट्टी बसवावी! मग आम्हीं मोठ्या समाधानानें कुंचला पाण्यांत बुडविला आणि भिंतीवर पिवळ्या रंगाचा पहिला हात फिरविला. गज वितळले, खांब वाहिले, आणि एक निळसर ओघळ सज्ज्यावरून निघून दरवाज्यांतून थेट ओट्यापर्यंत आला. फाउंटन पेनची नेहमींची शाई पाण्यांत विरघळते हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं; पावसांत भिजलेल्या वह्या शाळेंत आम्हीं वर्षानुवर्षें पाहिल्या होत्या. परंतु ज्ञान असणें निराळें आणि तें वेळेवर आठवणें निराळें.

नातीनें पेन्सिलीच्या पांच-सहा रेघा मारून लगेच रंग घेतला होता. भिंतीचा पिवळट पांढरा, कौलांचा तांबूस, जोत्याच्या दगडाचा करडा असे मोठे, सैल डाग टाकून ती ते वाळेपर्यंत शेंगदाणे खात बसली. मग वॉटरप्रूफ शाईच्या पेननें तिनें थोड्याच रेषा ओढल्या : सज्ज्याची खालची कड, दोन खिडक्या, दरवाज्याची चौकट. उजवीकडच्या भिंतीवर ऊन होतें. तिला तिनें कड दिलीच नव्हती. कागद तेथें कोरा होता, आणि आकाशाचा निळा रंग त्या कोऱ्या जागेशीं येऊन थांबला होता. ती भिंत आमच्या मोजलेल्या भिंतीपेक्षां खरी दिसत होती.

दोन्ही चित्रें मामींपुढें नेलीं. मामींनीं चष्मा पुसला व तीं मांडीवर घेतलीं. नातीच्या चित्राकडे पाहून म्हणाल्या, “सकाळचं ऊन अगदीं असंच येतं हो.” मग आमच्या त्या वाहून गेलेल्या चित्रांतील, सुदैवानें कोरड्या राहिलेल्या एका खिडकीवर त्यांनीं बोट ठेविलें. “अरे, ह्या खिडकीचा तिसरा गज वाकलेला आहे. तूं सरळ काढलास? चार वर्षांचा होतास, डोकं अडकलं होतं तुझं त्यांत. सगळी आळी जमली होती. शेवटीं ह्यांनीं पहार घालून तो गज वाकवला. विसरलास होय?”

आम्ही विसरलों होतों. त्याहून वाईट म्हणजे, अडीच तास त्या खिडकीकडे पाहून, तिचे गज एक-दोन-तीन असे मोजूनहि, तिसरा गज वाकडा आहे हें आम्हांस दिसलें नव्हतें. घरीं येऊन चिरंजीवांचीं छायाचित्रें मोठीं करून पाहिलीं. त्यांत तो वाकलेला गज स्वच्छ दिसत होता. साठांपैकीं अकरा चित्रांत तो होता, पण मामींनीं सांगेपर्यंत तो कोणीं पाहिला नव्हता. छायाचित्र सर्व कांहीं सांठवून ठेवतें, हा त्याचा मोठा उपकार आहे. पाहण्याचें काम मात्र आपल्याकडे शिल्लक राहतें, आणि तें काम आम्हीं रेषा ओढतांनाहि चुकविलें होतें.

त्या दिवसानंतर आम्हीं आपली रीत बदलली. ज्यांच्या घरीं वही व रंगांची डबी आहे, किंवा हा लेख वाचून येणार आहे, त्यांच्यासाठीं तींतील उपयोगाच्या गोष्टी येथें देतों.

पहिली गोष्ट शाईची. कोणत्याहि पेननें अगोदर रद्दी कागदावर एक रेघ ओढावी, ती वाळूं द्यावी, आणि तिच्यावर ओला कुंचला फिरवून पाहावा. रेघ जागची हलली नाहीं तरच तें पेन चित्रास लावावें. वॉटरप्रूफ शाईसहि वाळण्यास वेळ लागतो. घाई करूं नये. दौतींतली दाट काळी वॉटरप्रूफ शाई बोरूस किंवा टांकास चांगली, पण फाउंटन पेनमध्यें घातल्यास ती वाळून पेन तुंबतें.

दुसरी गोष्ट कागदाची. पातळ कागद पाणी लागतांच फुगतो आणि त्यावर रंगाचीं डबकीं सांचतात. दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा कागद घ्यावा. तो महाग वाटल्यास लहान तुकडे करून वापरावा, पण पातळ घेऊं नये. रंग वाळला कीं नाहीं हें डोळ्यांनीं नीट समजत नाहीं. हाताची मागची बाजू कागदास हलकेच लावावी. कागद गार लागला तर ओल अद्याप आंत आहे असें समजावें. अशा ओल्या कागदावर रेषा ओढल्यास ती कांठास फुटते आणि तिला केंस फुटल्यासारखे दिसतात.

तिसरी गोष्ट रंगांची. डबींत बारा-चोवीस रंग असले तरी जुन्या पेठांच्या चित्रास तीन पुरतात : पिवळ्या मातीचा यलो ऑकर, भाजलेल्या मातीचा बर्न्ट सिएना, आणि अल्ट्रामरीन निळा. पहिला भिंतीस, दुसरा कौलांस व विटांस, तिसरा आकाशास. आणि शेवटच्या दोहोंच्या मिश्रणांतून पुण्याच्या काळ्या दगडाचा करडा रंग तयार होतो. निळा अधिक घातला तर दगड सावलींतला दिसतो, तांबूस अधिक घातला तर उन्हांतला. काळा रंग डबींतच राहूं द्यावा. त्यानें सावली मळकट होते.

चवथी गोष्ट बैठकीची. आपल्या डोळ्यांच्या उंचीची आडवी रेघ, जिला क्षितिजरेषा म्हणतात, ती कागदावर सर्वांआधीं पेन्सिलीनें ठरवावी. समोर सरळ गेलेल्या बोळांत तिच्या वरच्या साऱ्या कडा, म्हणजे कौलांच्या व सज्ज्यांच्या, दूर जातांना खालीं उतरतात. तिच्या खालच्या, म्हणजे ओट्यांच्या व गटारांच्या, वर चढतात. आणि सर्व त्या रेघेवरच्या एका बिंदूंत मिळतात. उभें राहून चित्र काढल्यास सपाट रस्त्यावरील मोठ्या माणसांचीं डोकीं, माणूस जवळचा असो वा दूरचा, साधारण ह्याच रेघेवर येतात. जमिनीवर बसल्यास तीं रेघेच्या वर जातात. एवढें जपलें तरी आपल्या चित्रांतील माणसें हवेंत तरंगत नाहींत.

पांचवी गोष्ट क्रमाची, म्हणजे मूळ प्रश्नाची. इमारत अनोळखी व बारकाव्यांनीं भरलेली असेल, तर रेषा आधीं घ्यावी. रेखाटतां रेखाटतां ती समजते. मग रंग मोकळा ठेवावा. तो रेषेबाहेर गेला तर जाऊं द्यावा, कांहीं जागा कोऱ्या सोडाव्या. मुख्यतः सावली व हवा एवढेंच त्यानें सांगावें. उलटपक्षीं, जागा ओळखीची असेल, किंवा ऊन झपाट्यानें बदलत असेल, तर रंग आधीं घ्यावा. मग रेषा अगदीं थोड्या, आणि त्याहि रंगानें जें सांगितलेलें नाहीं तेवढ्यासाठीं. तिसरी रीत मिश्र : फिकट रंग, मग कांहीं रेषा, मग गडद सावल्या, शेवटीं चार-दोन ठाम रेषा. आरंभ करणारांस ही तिसरी रीत सर्वांत सोयीची. पण कोणतीहि रीत घेतली तरी मागून येणारानें आधीं आलेल्याचें वाक्य पुन्हां म्हणूं नये. उन्हांतली कड रंगानें उठली असेल तर तेथें रेषा तोडावी. सावलींतल्या खिडक्या रेषेनें कळत असतील तर त्यांत आणखी रंग भरूं नये. त्या मुलीनें दिलेलें उत्तर बरोबर होतें. आमचा प्रश्नच अपुरा होता.

आतां त्या वाड्याची राहिलेली हकीकत. रविवारीं सकाळीं आम्ही दोघें पुन्हां तेथें गेलों. पाहतों तों दिंडी दरवाजा आदल्या संध्याकाळींच उतरवून नेलेला! जुन्या सागवानास गिऱ्हाईक लौकर मिळतें, असें शेजाऱ्यांकडून कळलें. दरवाज्याच्या जागीं नुसती चौकट उरली होती, आणि त्या चौकटींतून, रस्त्यावरून पूर्वीं कधींहि न दिसलेलें चौकांतलें तुळशीवृंदावन सकाळच्या उन्हांत उभें होतें. नातीनें आमच्याकडे पाहिलें. आम्ही म्हणालों, “रंग आधीं.”

तिनें भिंतीचे व सावलीचे रंग टाकले. दरवाज्याच्या काळोखांत एवढीशी जागा तिनें कोरी ठेविली. कागद वाळल्यावर पेन आमच्या हातीं आलें. वॉटरप्रूफ आहे ह्याची आम्हीं रद्दी कागदावर दोनदां खात्री करून घेतली. मग आम्हीं तीनच ठिकाणीं रेषा ओढल्या : दरवाज्याची रिकामी चौकट, त्यांतून दिसणारें वृंदावन, आणि डावीकडच्या खिडकीचे गज. ह्या वेळीं नऊ गज मोजले नाहींत. पहिले दोन सुचविले, तिसरा वाकलेला नीट पाहून काढला, पुढचे सोडून दिले. हात थोडा कांपला. कांपूं दिला.

त्याच जागीं उभ्या राहिलेल्या इमारतींत मामी आतां चवथ्या मजल्यावर राहतात. तें चित्र त्यांच्या देवघराच्या शेजारीं टांगलेलें आहे. नवीन येणाऱ्या प्रत्येकास त्या तो तिसरा गज दाखवितात आणि आमच्या डोक्याची गोष्ट सांगतात. आमच्या वयाचा व पेशाचा मुलाहिजा न ठेवतां सांगतात. चिरंजीवांचीं साठ छायाचित्रेंहि जपून ठेविलेलीं आहेत. वाड्याची उंची किंवा कौलांच्या ओळी पाहावयाच्या झाल्या म्हणजे आम्ही तींच उघडतों. चिरंजीवांनीं त्या दिवशीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस मामींच्या भिंतीवर मिळालें, एवढेंच.

एकत्र कुटुंबांत ही एक सोय फार मोठी असते कीं, ज्यांचे हात स्थिर आहेत तीं मुलें आणि ज्यांस तिसऱ्या गजाची गोष्ट ठाऊक आहे तीं वडील माणसें एकाच छपराखालीं राहतात. महिन्यांतून एका रविवारीं दोघांनीं मिळून घराचा एखादा कोपरा, समोरची गल्ली, जवळचें देऊळ कागदावर घ्यावें. मुलांनीं रंग टाकावा; मोठ्यांनीं रेषा कोठें पाहिजे तें सांगावें; खालीं तारीख, वार व जागेचें नांव लिहावें. चित्र चांगलें आलें नाहीं तरी बिघडत नाहीं. आमचें तें वाहून गेलेलें चित्रहि आम्हीं टाकलें नाहीं, पेटींत आहे. त्यांतली ती एक खिडकी अजून कोरडी आहे, आणि तिचे नऊहि गज सरळ आहेत.

अलं विस्तरेण. सुज्ञ वाचकांनीं उद्यां वही घेऊन बाहेर पडण्यापूर्वीं शाईची परीक्षा तेवढी अवश्य करून घ्यावी.